सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम: हे धातू कसे बनतात आणि हाताळताना काय सांभाळायचं

बडोद्यात तीस वर्षं मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. तेवढ्या काळात प्रयोगशाळेत मोठी आग एकदाच लागली, आणि विझवायला धावलेल्यांनीच ती वाढवली. पावसाळ्याचे दिवस होते. बी.एस्सी.च्या वर्गाचं लॅसाइन टेस्टचं, म्हणजे पदार्थ सोडियमबरोबर तापवून त्यातली मूलद्रव्यं ओळखण्याच्या चाचणीचं प्रॅक्टिकल नुकतंच आटपलं होतं. सोडियम कापताना उरलेला चुरा कुणीतरी ओल्या फिल्टर पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. आधी धूर आला, मग पिवळीजर्द ज्योत. दारातून कुणीतरी ओरडलं, "पाणी नाखो, पाणी!" आणि दुसऱ्याने भरलेली बादली डब्यात रिकामी केली. क्षणात स्फोट झाला. पेटते तुकडे टेबलावर, जमिनीवर आणि एका मुलीच्या ओढणीवर उडाले. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या काकांनी ती ओढणी हिसकून काढली म्हणून तिच्या मानेवर एका डागावर निभावलं.

पाणी ओतणाऱ्या मुलाला मी कधी दोष दिला नाही. आग दिसली की पाणी टाकायचं, हे आपल्याला कळत्या वयापासून शिकवलेलं असतं. या धातूंच्या बाबतीत ते चुकीचं का, हे आम्ही शिक्षकांनी त्याला आधी सांगायला हवं होतं. म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या, नंदेसरीच्या औषध-रसायन कारखान्यांत कामाला लागलेल्या आणि मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी धातू कसा बनतो ते

सोडियमची भीती घालण्याआधी तो कसा तयार होतो ते मी नेहमी सांगते, कारण धोका तिथूनच कळतो. सोडियम निसर्गात सुटा सापडत नाही, मिठात सापडतो. क्लोरीनशी जोडला गेला तेव्हाच त्याने आपली ऊर्जा देऊन टाकलेली असते. मिठातून तो परत सोडवायचा तर तेवढी ऊर्जा आपल्याला भरावी लागते, आणि ती धातूत साठून राहते. पाण्याचा थेंब लागताच तो तिच्यातला मोठा वाटा परत करतो, आणि तोही एकदम.

ही ऊर्जा किती असते? कारखान्यात एक किलो सोडियम बनवायला साधारण 10 युनिट वीज लागते. घरातला दीड टनाचा एसी सहा-सात तास चालावा एवढी ही वीज आहे. त्यातली काही उष्णता होऊन वाया जाते, पण निम्म्याच्या आसपास धातूत उरते. बाटलीतल्या राखाडी ढेकळाकडे या नजरेने पाहिलं की हात आपोआप सावध होतो.

साध्या मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर सोडियम मिळेल का, असं मुलं दरवर्षी विचारतात. मिळत नाही. पाण्यातून हायड्रोजन सुटणं जास्त सोपं असल्याने ऋण ध्रुवावर तोच सुटतो आणि द्रावणात कॉस्टिक सोडा उरतो. बडोद्याजवळच्या रानोलीला 1973 साली स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीजचा मूळ धंदा हाच, कॉस्टिक आणि क्लोरीनचा. पूर्वी अशा कारखान्यांत पाऱ्याचा ऋण ध्रुव असे. पाऱ्यात सोडियम विरघळून त्याचा पारदमेल होई, आणि त्याची वेगळ्या भांड्यात पाण्याशी गाठ घालून कॉस्टिक बनवत. म्हणजे घडीभर सोडियम धातू खरंच तयार होत असे, पण पाऱ्याच्या कुशीत लपलेला. पाऱ्याच्या विषामुळे ती पद्धत मागे पडली आणि आता पडद्याचे सेल आले.

सुटा धातू हवा असेल तर पाण्याला पूर्ण फाटा द्यावा लागतो. हम्फ्री डेव्हीने 1807 साली लंडनमध्ये किंचित ओलसर पोटॅशवर मोठ्या बॅटरीची वीज सोडून पोटॅशियम मिळवलं आणि थोड्याच दिवसांत कॉस्टिक सोड्यातून सोडियम. पुढच्या वर्षी त्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही वेगळे केले. आज सोडियम डाउन्स सेलमध्ये बनतो. मीठ 801 अंशांना वितळतं आणि सोडियम 883 अंशांना उकळतो. एवढ्या अरुंद जागेत काम करणं अवघड, शिवाय इतक्या तापमानाला धातू वितळलेल्या मिठातच विरघळू लागतो. म्हणून मिठात कॅल्शियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइड मिसळतात आणि मिश्रण सुमारे 600 अंशांवर वितळलेलं ठेवतात. मधोमध ग्रॅफाइटचा धन ध्रुव, त्याच्याभोवती पोलादाचा कड्यासारखा ऋण ध्रुव, आणि दोघांमध्ये पोलादी जाळी. जाळी नसेल तर वर येणारा क्लोरीन आणि वर तरंगणारा सोडियम भेटतील आणि पुन्हा मीठच होईल. हलका सोडियम उलट्या पन्हाळीखाली जमतो आणि नळीतून वर चढतो. सोबत थोडं कॅल्शियमही येतं. द्रव थंड करत 110-120 अंशांपर्यंत आणला की ते वेगळं पडतं आणि गाळून काढतात. सोडियम 98 अंशांनाच वितळतो, त्यामुळे तोवर तो पातळच असतो. दर किलो सोडियममागे दीड किलो क्लोरीन निघतो, म्हणजे अशा कारखान्यात एका हाताने आगीचा आणि दुसऱ्या हाताने विषारी वायूचा बंदोबस्त करावा लागतो.

पोटॅशियम असं बनवत नाहीत. ते वितळलेल्या क्षारात फार विरघळतं आणि हवेशी गाठ पडली की त्याचं सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जास्त असलेलं संयुग बनतं. म्हणून 850 अंशांच्या आसपास वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये सोडियमची वाफ सोडतात. पोटॅशियम लवकर उकळतं, त्याची वाफ सतत काढून घेतली की अभिक्रिया त्याच दिशेला पुढे सरकत राहते.

मॅग्नेशियमची एक वाट आपल्या शेजारून जाते. छोटा उदेपूरच्या खाणींतून डोलोमाइट भरून येणारे ट्रक तुम्ही रस्त्यावर पाहिले असतील. आपल्याकडे त्याची पूड आणि लाद्या होतात, पण हाच दगड भाजून, फेरोसिलिकॉनबरोबर पोलादी रिटॉर्टमध्ये, म्हणजे बंद नळकांड्यात, निर्वातात सुमारे 1200 अंशांना तापवला की मॅग्नेशियमची वाफ निघते आणि थंड टोकाला चकचकीत स्फटिकांच्या थराने जमते. ही पिजन पद्धत, चीनमधलं बहुतेक मॅग्नेशियम हिने बनतं. दुसरी वाट समुद्राच्या पाण्यापासून मॅग्नेशियम क्लोराइड काढून ते वितळवून वीज सोडण्याची.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. लिथियम लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडच्या वितळलेल्या मिश्रणातून विजेने निघतं. टायटॅनियमसाठी त्याच्या क्लोराइडची मॅग्नेशियमशी आर्गॉनमध्ये अभिक्रिया घडवतात. केरळात चवऱ्याला टायटॅनियम स्पंज असा बनतो. अ‍ॅल्युमिनियम 960 अंशांच्या वितळलेल्या क्रायोलाइट क्षारात अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, विरघळवून विजेने काढतात. तोही खरं म्हणजे याच घराण्यातला, फक्त अंगावरच्या ऑक्साइडच्या पातळ, घट्ट थरामुळे भांड्यात सोज्वळ दिसतो. त्याची बारीक पूड केली की सोज्वळपणा संपतो.

साठवण: रॉकेल, कोरडेपणा आणि विश्वामित्रीची उंची

सोडियम आणि पोटॅशियम रॉकेलात किंवा लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवतात. माझा कल पॅराफिनकडे आहे, कारण रॉकेल आपल्या उन्हाळ्यात उडून जातं आणि मेच्या सुट्टीनंतर बाटली उघडली तर ढेकूळ अर्धं उघडं पडलेलं सापडतं. महिन्यातून एकदा पातळी पाहा आणि बाटलीवर तारीख टाका. बाटली पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि भोवती कोरडी वाळू भरा, म्हणजे काच फुटली तरी तेल आणि धातू डब्यातच राहतील.

लिथियम इतकं हलकं की तेलावर तरंगतं आणि वरून उघडं पडतं. शिवाय ते हवेतल्या नायट्रोजनशीही संयोग पावतं, त्यामुळे त्याला नायट्रोजन नव्हे, आर्गॉन लागतो.

बडोद्यात सहसा कुणी लक्षात घेत नाही अशी गोष्ट म्हणजे पूर. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्या दिवसांत माझ्या मनात एकच होतं: कुठल्या तळघरात, कुठल्या खालच्या फळीवर सोडियमची बाटली आहे? धातू तळमजल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवूच नका. वरच्या मजल्यावर ठेवा, बेसिनपासून, नळाच्या पाइपापासून, एसीच्या पाणी गळणाऱ्या नळीपासून आणि गळक्या छतापासून दूर. त्या कपाटात आम्लं, क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड नको. क्लोरीन असलेले हे द्रव आणि सोडियम एकत्र आले तर धक्क्याने स्फोट होतो. सोडियमने क्लोरोफॉर्म "कोरडा" करण्याची कल्पना नवख्या माणसाला सुचू शकते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता पोटॅशियमबद्दल, आणि हा परिच्छेद कृपया दोनदा वाचा. पोटॅशियम बरीच वर्षं पडून राहिलं की तेलाखालीही त्यावर पिवळा, नारिंगी थर चढतो. ते सुपरऑक्साइड असतं. सुरी दाबली की ते तेल आणि खालच्या ताज्या धातूबरोबर चिरडलं जातं आणि हातात स्फोट होऊ शकतो. असा पिवळा तुकडा दिसला तर कापू नका, खरवडू नका, बाटली हलवूही नका. खोली बंद करा, वरिष्ठांना कळवा आणि घातक कचऱ्याची परवानाधारक एजन्सी बोलवा. आमच्या एका जुन्या कपाटात अशी बाटली निघाली होती. लेबल पुसलेलं, वर्ष कुणालाच माहीत नाही. ती उचलायला माणसं येईपर्यंत चार दिवस त्या खोलीला कुलूप होतं, आणि त्या कुलपावरून झालेली सगळी कुरकुर मी ऐकून घेतली.

सोडियम कापताना

आधी टेबल कोरडं करा, मग स्वतःला. घामेजलेले हात पुसा. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल, अंगात सुती अ‍ॅप्रन, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याची हवा इतकी दमट असते की कापलेला पृष्ठभाग बघता बघता ओलसर, निसरडा होतो. त्या दिवसांत मी प्रॅक्टिकलचं सोडियम एकदम कापून ठेवत नसे, प्रत्येक मुलामागे एकेक तुकडा काढत असे.

बाटलीतून ढेकूळ कोरड्या चिमट्याने उचला, हाताने कधीच नाही. कोरड्या फिल्टर पेपरवर तेल टिपून घ्या. सुरी ठेवून सरळ खाली दाबा. फ्रिजमधल्या लोण्यात जावी तशी ती जाते. आतला भाग आरशासारखा चांदीचा असतो, आणि त्यावर तुमच्या डोळ्यांदेखत धुकं पसरतं, आधी कडेने, मग मध्यभागी. मिनिटाभरात सगळं राखाडी होतं. दरवर्षी या क्षणी मुलं मान पुढे घालतात. त्यांना मागे ओढावं लागतं, आणि त्यांचं ते कुतूहल मला फार आवडतं.

लॅसाइन टेस्टला मुगाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. जास्त घेतल्याने निकाल चांगला येत नाही, उलट न जळलेलं सोडियम नळीत उरतं आणि लालभडक नळी डिशमधल्या पाण्यात बुडवताच फाटकन उडतं. नळीचं तोंड भिंतीकडे धरा, बुडवताच डिशवर तारेची जाळी झाका. नमुना क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड किंवा नायट्रो अल्केन असण्याची शंका असेल तर ही टेस्ट करू नका.

एक ग्रॅम सोडियम पाण्यात पडलं तर सुमारे अर्धा लिटर हायड्रोजन आणि 8 किलोज्यूल उष्णता सुटते. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. पण केवळ हायड्रोजन पेटल्याने स्फोट होतो असं नाही. प्रागच्या संशोधकांनी 2015 साली वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की सोडियम-पोटॅशियमच्या थेंबातून इलेक्ट्रॉन क्षणार्धात पाण्यात पळतात, मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि मिलिसेकंदाच्या आतच थेंबातून काटे फुटतात. त्यामुळे पाण्याशी संपर्काची जागा वाढून अभिक्रिया आणखी भडकते. म्हणूनच "थोडं पाणी, लांबून" हा मध्यममार्ग इथे चालत नाही.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं

चांगले मोठे तुकडे परत तेलात टाका. चुरा आणि सुरीला, पेपरला चिकटलेले कण मात्र त्याच दिवशी निकाली काढा. फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, आसपास ज्योत नसताना, भरपूर आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेल्या रुंद तोंडाच्या भांड्यात एकेक कण टाका आणि बुडबुडे थांबले की पुढचा. भांडं बंद करू नका, हायड्रोजनला वाट हवी. मेथॅनॉल नको, ते फार जोरात क्रिया करतं. सगळे कण विरघळल्यावर थोडं इथॅनॉल घाला, आणि तळाशी एकही चमकदार कण उरलेला नाही याची खात्री करूनच अगदी शेवटी, थेंबाथेंबाने पाणी. गोळ्यावर पांढरी साय धरते आणि आत धातू जिवंत असतो, त्यामुळे काचेच्या कांडीने हळूच हलवून पाहा आणि थांबा. घाई असेल तर हे काम उद्यावर टाका, पण अर्धवट सोडून जाऊ नका. पोटॅशियमसाठी टर्शरी ब्यूटाइल अल्कोहोल वापरतात, ते सावकाश क्रिया करतं. ही पद्धत ग्रॅम-दोन ग्रॅमसाठी. त्याहून जास्त असेल तर परवानाधारक एजन्सीकडेच द्या.

मॅग्नेशियम: कारखान्यात आणि लेथवर

औषध-रसायन कारखान्यांत मॅग्नेशियमची गाठ पडते ती ग्रिग्नार्ड अभिक्रियेत. मॅग्नेशियमच्या टर्निंगवर, म्हणजे किसावर, ईथरमध्ये हॅलाइड (क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेलं सेंद्रिय संयुग) सोडलं की बराच वेळ काहीच होत नाही. ऑपरेटरला वाटतं आणखी घालावं. तो घालतो, तसं न वापरलेलं हॅलाइड रिअ‍ॅक्टरमध्ये साठत जातं, आणि मग सगळं एकदम सुरू होतं. म्हणून आधी एकूण हॅलाइडचा लहानसा भाग घाला, आयोडीनच्या कणाने सुरुवात करून द्या आणि तापमान खरोखर चढल्याचं, रंग बदलल्याचं पाहा. तोवर पुढचा थेंबही नको. ईथर 34.6 अंशांना उकळतो. बडोद्यात मे महिन्यात दुपारी 42 अंश असतं, म्हणजे उन्हातल्या ड्रममध्ये तो उकळतच असतो. अशा दिवशी कूलिंग चालू आहे का, हे बॅचच्या आधी पाहायचं, मध्ये नव्हे. रिअ‍ॅक्टर पूर्ण कोरडा हवा, आणि जॅकेटला, म्हणजे थंड पाणी फिरणाऱ्या बाहेरच्या आवरणाला, भेग पडून पाणी आत गेलं तर काय होईल याचा विचार इंजिनिअरने आधीच केलेला हवा.

वर्कशॉपमध्ये मॅग्नेशियमची सळई शांत असते, पण तिचा बारीक चुरा ठिणगीने पेटतो. कटिंगला पाण्याचं कूलंट नको, खनिज तेल वापरा. टूल धारदार ठेवा, बोथट टूल घासून तापतं. मशीनखाली चुरा साठू देऊ नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, मऊ ब्रशने झाडा. लोखंड घासलेल्या ग्राइंडरवर मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम घासू नका. गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड एकत्र आली की ते थर्माइट होतं, रूळ जोडायला वापरतात तेच. ओला चुरा बंद ड्रममध्ये भरला तर आत हायड्रोजन साठतो, म्हणून झाकणाला भोक हवं आणि ड्रम शेडबाहेर, पावसापासून आडोशाला.

आग लागलीच तर

पाणी नाही, फोम नाही, कार्बन डायॉक्साइडचा सिलिंडर नाही. पेटलेलं मॅग्नेशियम कार्बन डायॉक्साइडमधला ऑक्सिजनही ओढून घेतं आणि काजळी मागे ठेवतं. भिंतीवरच्या नेहमीच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरचाही उपयोग नाही. धातूच्या आगीसाठी डी वर्गाचा अग्निशामक असतो. कॉलेजला तो परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात पूर्ण कोरडं मीठ किंवा निर्जल सोडा अ‍ॅश (धुण्याच्या सोड्याचे खडे नव्हेत, त्यांच्यात पाणी असतं) भरून ठेवा आणि पसरट फावडं ठेवा. जोराने फेकू नका, पेटते कण उडतात. कडेकडेने हळूच सरकवून जाड थराने झाका आणि पूर्ण गार होईपर्यंत उकरू नका. वाळू चालते ती सोडियमच्या लहान आगीला, तीही कोरडी असेल तरच. उघड्या बादलीत पावसाळाभर ओल धरलेली वाळू म्हणजे पाणीच. मॅग्नेशियमची तापलेली आग वाळूशीही क्रिया करते. लिथियमला मीठ, सोडा, वाळू तिन्ही चालत नाहीत, त्यावर ग्रॅफाइटची पूड टाकतात.

पेटलेल्या मॅग्नेशियमकडे टक लावून पाहू नका, तो उजेड डोळ्यांना इजा करतो. सोडियमचा पांढरा धूर म्हणजे कॉस्टिकचीच धूळ, ती छातीत जाते. आग टेबलाबाहेर गेली की बाहेर पडा, 101 किंवा 112 लावा आणि पहिलं वाक्य "सोडियमची आग आहे, पाणी मारू नका" हे बोला.

त्या आगीनंतर आम्ही दाराच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत पाटी लावली. पहिली ओळ गुजरातीत, "पाणी नाखवुं नहीं", खाली मराठी आणि हिंदी. बाहेरच्या बाजूला का, तर धावत येणारा माणूस बाहेरूनच येतो आणि तो बहुधा केमिस्ट्रीचा नसतो.

अंगावर उडालं तर

आधी दिसणारे कण कोरड्या चिमट्याने किंवा कोरड्या कापडाने झटकून काढा, हाताने चोळू नका. कण निघाले की लगेच नळाखाली धरा आणि निदान 15-20 मिनिटं वाहत्या, भरपूर पाण्याने धुवा. आता पाणीच औषध आहे, कारण कातडीवर उरलेलं असतं ते कॉस्टिक. कॉस्टिकचा चटका सुरुवातीला फारसा दुखत नाही, फक्त साबणासारखं बुळबुळीत लागतं, म्हणून मुलं दोन मिनिटांत हात काढून घेतात. काढू देऊ नका. डोळ्यात गेलं तर थांबून कण शोधत बसायचं नाही, पापण्या उघड्या धरून लगेच आणि सतत पाणी. व्हिनेगर, लिंबू, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नका. 108 ला फोन करा, आणि दवाखान्यात "भाजलंय" एवढंच न सांगता "सोडियमने, म्हणजे अल्कलीने भाजलंय" असं सांगा, कारण अल्कली कातडीच्या आत उतरत राहते आणि डॉक्टर त्याप्रमाणे आणखी धुवायचं की नाही ते ठरवतात.